वऱ्हाडचे प्रतिनिधी : लोकनायक बापूजी अणे

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपल्या जिल्ह्यातील एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, असा आपल्याकडे जुना प्रघात आहे. त्यास अनुसरून या वर्षी लोकनायक माधव श्रीहरी अणे यांचे अल्पचरित्र भगिनींपुढे ठेवीत आहे. यवतमाळात मुलींचे एक महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते. त्यामुळे बापूजींचे नाव आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरात रोज उच्चारले जाते. परंतु हे बापूजी कोण, त्यांनी कोणाचे प्रतिनिधित्व केले आणि ते कसे केले, हे विचारले तर नव्या पिढीतील मुलींना दोन वाक्यांपलीकडे सांगता येत नाही. म्हणून हा प्रपंच.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव यवतमाळ नव्हते. कचेऱ्या यवतमाळला असल्या, तरी जिल्हा वणीच्या नावानेच ओळखला जाई. पुढे १९०५ साली वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना झाली, वाशीम जिल्हा मोडला, त्यातील पुसद तालुका आपल्याकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. म्हणजे पुसदच्या आणि वणीच्या माणसांनी स्वतःस एका जिल्ह्याचे म्हणावे, ही गोष्टच मुळी बापूजींच्या तरुणपणी घडली.

बापूजींच्या कामाची थोरवी समजण्यासाठी त्या वेळच्या वऱ्हाडची स्थिती थोडक्यात सांगणे अवश्य आहे. वऱ्हाड हा निजामाचा मुलूख. निजामाच्या नावाने इंग्रजांनी जी फौज ठेवली होती, तिच्या खर्चाची बाकी थकली, आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी निजामाशी नवा करार केला. वर्षाला २५ लाख रुपये निजामाला द्यायचे आणि वऱ्हाड कायमचे इंग्रजांच्या ताब्यात राहायचे, असे ठरले. दुसऱ्याच वर्षी, १९०३ मध्ये, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले.

आपल्या घरगुती भाषेत सांगायचे तर वऱ्हाड हे गहाण पडलेले शेत होते. कसणारा एक, आणि कागदोपत्री मालक दुसरा. शेताला मात्र कोणी विचारीत नव्हते. येथील लोक धड ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रजाजन नव्हते आणि धड निजामाच्या राज्यातीलही नव्हते. कापसाच्या या काळ्या जमिनीतून सारा भरपूर वसूल होई. पण त्या वसुलाबद्दल बोलण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्न अधांतरी होता. अशा मुलखाचा प्रतिनिधी होणे म्हणजे काय, याचे उत्तर बापूजींच्या आयुष्यात सापडते.

घरात विद्येची आवड होती. संस्कृतचा व्यासंग बापूजींना लहानपणापासून जडला आणि तो अखेरपर्यंत सुटला नाही. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. काही वर्षे त्यांनी अमरावतीस शिक्षकाचे काम केले, कायद्याची पदवी घेतली, आणि १९०८ च्या सुमारास यवतमाळात वकिली सुरू केली. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेस झाली. बापूजी टिळकांना गुरुस्थानी मानीत. गुरू तुरुंगात असताना शिष्याने जिल्ह्यात काम उभे करावे, तसे त्यांनी केले. टिळक सुटून आल्यावर १९१६ साली त्यांनी होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा वऱ्हाडातील तिच्या कार्यात बापूजी आघाडीवर होते. १९१८ साली त्यांनी यवतमाळहून ‘लोकमत’ नावाचे साप्ताहिक काढले. पुढे फार वर्षांनी, १९७१ साली, याच नावाचे दैनिक नागपुराहून यवतमाळचेच जवाहरलाल दर्डा यांनी सुरू केले, हे वाचकांना ठाऊक आहेच.

१९१९ च्या कायद्याने दिल्लीस मध्यवर्ती कायदेमंडळ आणि प्रांतोप्रांती कौन्सिले निर्माण झाली. मतदानाचा हक्क फारच थोड्यांना होता. ज्याची जमीन मोठी, ज्याचा सारा किंवा कर ठराविक रकमेच्या वर, त्यालाच मत. शेतमजूर, कूळ, लहान शेतकरी, आणि बहुतेक साऱ्या बायका यादीच्या बाहेर. आपल्या आज्या-पणज्या त्या वेळी सरकी काढीत होत्या, निंदणखुरपणीला जात होत्या, घरचा कापूस बाजाराला जाताना गाडी भरू लागत होत्या. पण त्या कापसावर कर किती असावा, हे बोलणारा माणूस निवडण्यात त्यांना वाटा नव्हता.

त्यातही वऱ्हाडची गोष्ट आणखी निराळी. वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नसल्यामुळे येथून निवडून आलेल्या माणसाला सरळ सभासद होता येत नसे. येथे निवडणूक व्हावयाची, मते मोजली जावयाची, आणि मग विजयी उमेदवाराची सरकारने नियुक्ती करावयाची! दिल्लीच्या कायदेमंडळात वऱ्हाडसाठी अशी एकच जागा होती. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ या चारही जिल्ह्यांचा मिळून एक प्रतिनिधी. १९२४ पासून बापूजी त्या जागेवर दिल्लीस जाऊ लागले, आणि मधला कायदेभंगाचा काळ सोडला, तर १९४१ पर्यंत ती जागा बहुधा त्यांच्याकडेच राहिली. कायदेमंडळाच्या कामकाजाच्या वृत्तांतात त्यांच्या नावापुढे वऱ्हाडचे प्रतिनिधी एवढेच लिहिलेले असे.

यातील गंमत अशी की कागदावर त्यांची नियुक्ती सरकारने केलेली, आणि भाषणे मात्र सरकारच्या विरुद्ध. ज्यांच्या सहीने ते सभागृहात आले, त्यांचे मिंधे त्यांनी कधी मानले नाही. आपल्याला पाठविणारे वऱ्हाडचे मतदार आहेत, ही गोष्ट त्यांनी मनाशी पक्की धरली होती. त्या काळी यवतमाळहून दिल्लीस जायचे तर मूर्तिजापूरपर्यंत आपली अरुंद रुळांची ‘शकुंतला’, आणि पुढे मोठी गाडी. एवढ्या दूर बसलेल्या सरकारपुढे चार जिल्ह्यांचे गाऱ्हाणे मांडण्याचे काम एका माणसाच्या अंगावर होते.

बापूजी पहिल्यापासून स्वतंत्र बुद्धीचे. गांधीजींविषयी त्यांना अत्यंत आदर होता. परंतु कौन्सिलांवर सर्वस्वी बहिष्कार घालावा, हे त्यांना पटले नाही. सरकार ज्या प्रमाणात सहकार्य करील, त्या प्रमाणात आपण करावे, हे टिळकांचे धोरण त्यांना मान्य होते. या धोरणास प्रतियोगी सहकारिता असे नाव होते. १९२५ साली अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी मध्यप्रांत सरकारात गृहखात्याचे पद स्वीकारले, त्यावरून स्वराज्य पक्षात मोठी खळबळ उडाली. पक्ष फुटला, आणि न. चिं. केळकर, मुकुंदराव जयकर यांच्याबरोबर बापूजी प्रतियोगी पक्षात गेले. मोतीलाल नेहरूंशी त्यांचा मतभेद झाला. तरीही १९२८ साली हिंदी लोकांनी आपली घटना आपणच तयार करावी म्हणून मोतीलालजींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा तीत बापूजी होते. मतभेद असूनही माणसे एका बैठकीवर बसून काम करीत, हे त्या पिढीचे वैशिष्ट्य म्हटले पाहिजे.

कौन्सिलात जाणारा माणूस कायदा मोडणार नाही, अशी जर कोणाची समजूत असेल, तर ती १९३० साली दूर झाली. गांधीजींनी दांडीस मीठ उचलले. वऱ्हाडला समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहिहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करून सत्याग्रह झाला खरा. पण आपल्या जिल्ह्याचे खरे दुखणे निराळे होते. आपला जिल्हा जंगलांचा. राखीव जंगलात गुरे चारायची बंदी, गवत कापायची बंदी, सरपणाला हात लावायची बंदी. चुलीला लाकूड आणि गोठ्यातल्या गाईला गवत, या दोन्ही गोष्टींची चिंता घरच्या बाईलाच अधिक. म्हणून येथे मिठाऐवजी गवत हेच कायदेभंगाचे साधन झाले.

१० जुलै १९३० रोजी पुसद येथे बापूजींच्या नेतृत्वाखाली जंगल सत्याग्रहास आरंभ झाला. दिल्लीच्या सभागृहात कायदे करण्यास बसणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या या विद्वान वकिलाने राखीव जंगलात शिरून हाताने गवत कापले आणि स्वतःस अटक करवून घेतली. पुढे याच महिन्यात यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी सत्याग्रह केला. त्या पावसाळ्यात ही चळवळ वऱ्हाडात आणि मध्यप्रांतात गावोगाव पसरली. गवताची पेंढी कापणे हा गुन्हा ठरतो, आणि तो गुन्हा आपला पुढारी सर्वांदेखत करतो, हे दृश्य खेड्यातील अक्षरशत्रू माणसालाही समजले. पुढाऱ्याचे इंग्रजी भाषण ज्यांना कळले नसते, त्यांना त्याच्या हातातला विळा कळला.

यानंतरची तीन वर्षे धामधुमीची गेली. काँग्रेस बेकायदा ठरली. एक अध्यक्ष पकडला की दुसऱ्याने जागा घ्यावी, असा क्रम चालू झाला. १९३३ साली ही जबाबदारी बापूजींवर आली आणि ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष झाले. वणीत जन्मलेला, यवतमाळात वकिली करणारा माणूस साऱ्या देशाच्या संघटनेचा प्रमुख झाला. मान मोठा खरा, पण काळ अवघड. लोक थकले होते, तुरुंग भरले होते. त्या वर्षीच्या जुलैमध्ये कार्यकर्त्यांची परिषद पुण्यात भरली, तिचे अध्यक्षस्थान बापूजींनी भूषविले. सामुदायिक कायदेभंग थांबवून वैयक्तिक सत्याग्रह करावा, असा निर्णय त्यानंतर जाहीर झाला. तो जाहीर करून बापूजी घरी बसले नाहीत; स्वतः सत्याग्रह करून पुन्हा कैदेत गेले.

पुढच्याच वर्षी त्यांचा काँग्रेसशी पुन्हा मतभेद झाला. इंग्रज सरकारने जातवार मतदारसंघ वाटून दिले होते, त्यास जातीय निवाडा म्हणत. काँग्रेसने तो स्वीकारलाही नाही आणि नाकारलाही नाही. बापूजींना हे तळ्यात-मळ्यात पसंत पडले नाही. वर्षापूर्वी ज्या संस्थेचे ते प्रमुख होते, तिच्या धोरणाविरुद्ध पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासह त्यांनी काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला, निवडणूक लढविली, आणि वऱ्हाडने त्यांना पुन्हा दिल्लीस पाठविले. त्यांचे मत बरोबर की चूक, यावर आजही अभ्यासकांत वाद होऊ शकेल. परंतु ते मत त्यांनी दडवून ठेवले नाही, मतदारांपुढे ठेवले, आणि त्यांचा कौल घेतला, हे महत्त्वाचे.

१९४१ साली बापूजींनी जे केले, त्यामुळे अनेक स्नेहीही दुखावले. महायुद्ध चालू होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी आपल्या कार्यकारी मंडळात अधिक हिंदी सभासद घेतले, आणि परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते बापूजींनी स्वीकारले. गवत कापून तुरुंगात गेलेला माणूस व्हाइसरॉयच्या मंडळात कसा बसतो, असा प्रश्न लोकांनी विचारला. विचारणे योग्यच होते. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला, आणि तेथून लाखो हिंदी लोक, त्यांत कडेवर मुले घेतलेल्या बायका, डोंगर-जंगलातून पायी स्वदेशी परतू लागले. कित्येक वाटेतच दगावले. या लोकांच्या सोयीचा भार त्यांच्या खात्यावर होता. पण त्याच वर्षी इकडे ‘चले जाव’ची चळवळ पेटली, गांधीजींसह सारे पुढारी स्थानबद्ध झाले, आणि बापूजी सरकारच्या बाजूस बसलेले राहिले. त्यांच्या चरित्रातील हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही.

फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचे उपोषण आरंभले. प्रकृती ढासळली, तरी सरकार त्यांना सोडण्यास तयार होईना. तेव्हा बापूजी अणे, सर होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी कार्यकारी मंडळाचे राजीनामे दिले. पद स्वीकारले ते काही काम होईल या आशेने. जेथे आपल्या शब्दाला किंमत उरली नाही, तेथे ते राहिले नाहीत. टीका करणाऱ्यांना त्यांनी आपल्या कृतीनेच उत्तर दिले.

त्याच वर्षी ते हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले. तेथील चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या तामिळ मजुरांच्या हक्कांचा प्रश्न बिकट होता. पिढ्यान्‌पिढ्या त्या भूमीत घाम गाळूनही तेथील नागरिक म्हणून त्यांची गणना होईना. वऱ्हाडच्या माणसाला हे दुःख अनोळखी नव्हते. आपण नेमके कोणाचे, हा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या मुलखालाही वर्षानुवर्षे पडलेला होता.

स्वातंत्र्यानंतर जानेवारी १९४८ मध्ये बापूजी बिहारचे राज्यपाल झाले आणि १९५२ पर्यंत त्या पदावर होते. याच काळात देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. जमीन, कर, शिक्षण अशी कोणतीही अट न ठेवता २१ वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाला मताचा हक्क मिळाला. आता येथे भगिनींनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे. त्या वेळी याद्या करताना अनेक बायकांनी स्वतःचे नावच सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगितले. अशी सुमारे २८ लाख नावे शेवटी यादीतून वगळावी लागली, आणि त्यांत बिहारमधील बायका पुष्कळ होत्या. हक्क दारापर्यंत चालत आला, आणि केवळ नाव न सांगितल्यामुळे परत गेला!

आपला जिल्हा त्या निवडणुकीत मध्यप्रदेश राज्यात होता आणि आपल्या आमदारांची विधानसभा नागपुरास भरत असे. पुसदहून वसंतराव नाईक तेव्हाच प्रथम निवडून गेले. १९५६ साली आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. आणि वसंतरावजी १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री होते. बापूजींचे मत मात्र विदर्भाचे वेगळे राज्य व्हावे असे होते. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली तशी शिफारसही केली होती, पण ती अमलात आली नाही. १९६२ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षात, बापूजी कोणत्याही मोठ्या पक्षाच्या आधाराशिवाय नागपूर मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. या प्रश्नावर आपल्या घराघरांत आजही दोन मते आहेत, आणि ती राहणारच. राज्यपालपद भोगलेला वृद्ध मनुष्य पुन्हा सामान्य उमेदवार होऊन लोकांपुढे मत मागण्यास उभा राहतो, याचे मोल मात्र दोन्ही मतांच्या लोकांनी जाणावे.

उतारवयात त्यांनी आपल्या गुरूचे, लोकमान्यांचे, चरित्र संस्कृत काव्यात रचले. ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे त्या ग्रंथाचे नाव. २६ जानेवारी १९६८ रोजी, प्रजासत्ताकदिनी, बापूजींचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला, आणि १९७३ साली त्या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मरणोत्तर लाभला.

भगिनींनो, बापूजींच्या चरित्रातून काय घ्यावे? त्यांचे प्रत्येक मत आपण मान्य करावे, असे मुळीच नाही. त्यांच्या हयातीतही ते सर्वांना मान्य नव्हते. त्यांनी पदे घेतली आणि पदे सोडली. संस्थेत राहिले आणि संस्थेशी भांडलेही. पण या सर्व काळात आपण कोणाच्या वतीने बोलतो, हे ते विसरले नाहीत. सरकारने नियुक्त केलेला म्हणून ते सरकारचे झाले नाहीत, आणि पक्षाने मोठे केले म्हणून पक्षापुढे गप्प बसले नाहीत. प्रतिनिधी हा शब्द आपण फार सहज वापरतो; त्याचा अर्थ एवढा जड आहे.

तेव्हा चार जिल्ह्यांसाठी दिल्लीत एक माणूस होता. आज आपल्या एका जिल्ह्यातून वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद आणि उमरखेड असे सात आमदार विधानसभेत जातात, आणि लोकसभेसाठी हा जिल्हा यवतमाळ-वाशीम, चंद्रपूर आणि हिंगोली अशा तीन मतदारसंघांत वाटला गेला आहे. माणसे वाढली, त्याबरोबर विचारणाऱ्यांची संख्याही वाढली पाहिजे. तेव्हा मत होते मूठभर जमीनदारांना. आज ते आपल्या प्रत्येकीच्या हाती आहे.

आपल्या मंडळात आपण दरवर्षी कार्यकारिणी निवडतो, वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो, आणि एक रुपया कमी भरला तरी कोणीतरी उठून विचारतेच. त्यात कोणाचा अपमान होत नाही. उलट काम चोख राहते. हीच सवय मंडळाच्या दाराबाहेरही न्यावी. मतदार यादीत स्वतःचे आणि लेकीसुनांचे नाव आहे ना, ते बरोबर लिहिले आहे ना, हे निवडणुकीआधी पाहावे. निवडून दिलेल्या माणसाला पाणी, रस्ता, शाळा, कापसाचा भाव यांबद्दल नम्रपणे, पण न चुकता विचारावे. ज्या वऱ्हाडला एके काळी कोणी विचारीत नव्हते, त्या वऱ्हाडच्या लेकींनी विचारणे सोडू नये. लोकनायक बापूजींच्या स्मृतीस हेच अभिवादन योग्य होईल.